‘आलेच एक मिनिट’

(पत्राचा सारांश. ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत.)

इंदूरच्या एका बासष्ट वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. दीड वर्षापूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एकुलत्या एका मुलाचं लग्न झालं. मुलगी पुण्याची. मुहूर्त तिच्याकडच्या गुरुजींनी पुण्याहून काढून पाठवला होता, दुपारी १२ वाजून २१ मिनिटांचा. लग्न मात्र इथेच, अन्नपूर्णा रोडवरच्या कार्यालयात. रामबागेतल्या घरून सव्वाअकराला निघायचं ठरलं होतं. सगळी मंडळी गाड्यांत बसली आणि ताई ‘आलेच एक मिनिट’ म्हणून घरात परत गेल्या. निघायला ११.२६ झाले. काय झालं असं विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, ‘कपाटाच्या किल्ल्या सापडत नव्हत्या.’ महू नाक्यावर जाम लागला, १२.०४ ला कार्यालय गाठलं, दारात भाचेमंडळी नाचली, मुलीच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली आणि शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात १२.३२ झाले होते. मागून कुणीतरी म्हणालं, ‘मुहूर्त टळला हो.’

मुलगा-सून आता विजय नगरला राहतात. मुलगा सकाळी साडेआठला कामावर जातो, सूनबाई परदेशी कंपनीचं काम घरूनच करते, संध्याकाळी सहा ते रात्री दोन. दोघांत सारखे खटके उडतात. मध्यंतरी ती तीन आठवडे माहेरी जाऊन राहिली. ताईंना वाटतं, याचं मूळ त्या अकरा मिनिटांत आहे आणि ती मिनिटं त्यांची आहेत. रात्री तीनला जाग येते ती येतेच. त्या विचारतात: शांत करून घ्यावी का? मुलाला खरं काय ते सांगावं का? की गप्पच राहावं?

—

ताई,

तुमचं पत्र सात पानी आहे आणि त्यात इतक्या वेळा घड्याळ आलंय की मुलाच्या दहावीच्या निकालातसुद्धा मी इतके आकडे पाहिले नव्हते. पण पाचव्या पानाच्या समासात, आडवी लिहिलेली, नंतर सुचून घुसवल्यासारखी एक ओळ आहे: ‘यांचं घड्याळ बंद पडलं होतं, त्याला चावी दिली.’ त्या ओळीकडे मी येणार आहे. आधी आकड्यांचं बघू, कारण ते मिटल्याशिवाय तुम्ही माझं दुसरं काही ऐकणार नाही.

तुम्ही अकरा मिनिटं उशिरा निघालात आणि अक्षता अकरा मिनिटं उशिरा पडल्या. दोन्हीकडे अकरा! आकडा जुळला म्हणून तुम्ही दोन्ही अकरा एकच धरल्यात. पण ताई, ११.२६ ला निघून रामबागेतून अन्नपूर्णा रोडला जायला लग्नसराईतही अर्धा तास पुष्कळ झाला. म्हणजे पाच कमी बारा, फार तर बारा. मुहूर्ताला वीस-पंचवीस मिनिटं हातात होती. तुमच्या घरातली अकरा मिनिटं तिथेच, त्या शिल्लकीत जिरली. पुढे महू नाक्यानं काही खाल्ली. तुम्हीच लिहिलंय की १२.०४ ला दारात पोचलात आणि आत शिरायला सव्वाबारा झाले, कारण भाच्यांना ढोलवाला सापडला होता. म्हणजे नुसती भाच्यांचीच अकरा मिनिटं झाली! त्यांच्यापैकी कुणी रात्री तीनला उठून बसत असेल असं वाटत नाही.

मग आत्याबाई. मंगलाष्टकांचं वृत्त म्हणजे शार्दूलविक्रीडित, एका चरणात एकोणीस अक्षरं, चार चरण, म्हणजे एका कडव्याची शहात्तर अक्षरं. ती आळवून म्हणायची, शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ लांबवायचं, मग ‘शुभमंगल सावधान’, मग अक्षता. एका कडव्याला मिनिट तरी जातंच. गुरुजींच्या हातात या खेळाची दोरी असते: मुहूर्ताला वेळ असला की चाल लांबवायची, उशीर झाला की दोन कडवी गाळायची. पण घरच्या बाईनं चार महिने खपून रचलेली, वधूच्या आजोबा-पणजोबांची नावं गुंफलेली पाच कडवी गाळायची छाती कुठल्या गुरुजींची आहे? अंतरपाट धरला १२.१९ ला. अक्षता संपल्या १२.३२ ला. यातलं एकही मिनिट तुमचं नाही.

तुम्ही म्हणाल, वेळेवर निघालो असतो तर महू नाक्याचा जाम लागलाच नसता. नसता लागला कदाचित. कदाचित याहून मोठा लागला असता. त्या न घडलेल्या सव्वाअकराच्या रस्त्यावर काय होतं हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तरी तुम्ही तो रस्ता रोज रात्री मोकळाच बघता. असं का बरं?

आता १२.२१ या आकड्याकडेच जरा रोखून बघू. मी देवाधर्माची आहे, पत्रिका बघणाऱ्यांना हसत नाही, तेव्हा हे टिंगल म्हणून वाचू नका.

मुहूर्त पुण्याहून आला. पुणं आणि इंदूर यांच्या रेखांशात दोन अंशांचा फरक आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे पुण्याला सूर्य आभाळात जिथे १२.२१ ला असतो तिथे तो इंदूरला १२.१३ लाच येऊन गेलेला असतो. पुण्याच्या गुरुजींनी ही आठ मिनिटं धरली असतील, अनुभवी माणूस धरतोच. पण नसतील धरली, तर कडक हिशेबानं तुम्ही अकरा नव्हे, एकोणीस मिनिटं चुकलात. घाबरलात ना? आणि समजा, अक्षता बरोबर १२.२१ ला पडल्या असत्या, तर तुम्ही आठ मिनिटं चुकूनही दीड वर्ष शांत झोपला असता. चूक झालीच असती, फक्त ती तुम्हाला कळली नसती.

आणि ही ‘घड्याळातली वेळ’ तरी काय आहे? सगळ्या देशाला एक वेळ, ही १ जानेवारी १९०६ पासूनची सोय. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर बेतली आहे. इंदूरचा सूर्य तिच्यामागे साडेसव्वीस मिनिटं चालतो. मुंबईनं तर ही वेळ कितीतरी वर्षं मनापासून मानलीच नाही. तिथे ‘मुंबई टाइम’ ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत चालू होता. आमच्या एका आजोबांच्या बोलण्यात शेवटपर्यंत ‘स्टँडर्ड की मुंबई?’ असा प्रश्न यायचा, आणि आम्हा पोरांना तो विनोद वाटायचा. त्याआधी कित्येक शतकं आपल्या ज्योतिषगणिताचा शून्य रेखांश होता उज्जैन. इंदूर त्या रेषेला जवळजवळ चिकटून आहे, उज्जैन आणि आपल्या वेळेत वीसेक सेकंदांचा फरक. तेव्हा ताई, मुहूर्त कुठून मागवायचाच होता तर पुण्याहून कशाला, असं मी आपलं गमतीत म्हणते.

उज्जैनच्या वेधशाळेत तुम्ही गेला असालच, शाळेच्या सहलीत तरी. सवाई जयसिंहांनी बांधलेली. तिथल्या सम्राट यंत्रापाशी, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळापाशी, मी एका दुपारी उभी होते. त्याच्या कमानदार पट्टीवर सावली सरकताना अगदी डोळ्यांनी दिसते. मला सावलीची नेमकी कड बघायची होती. वाकून, चष्मा पुसून पाहिलं, तर कड नाहीच! काळ्याचं राखाडी, राखाडीचं फिकट, मग ऊन. कारण सूर्य म्हणजे काही सुईचं टोक नव्हे. त्याच्या बिंबालाच स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला दोन मिनिटं लागतात. ज्याच्यावरून सगळे मुहूर्त काढायचे तोच दोन मिनिटं रुंद आहे. आणि आपण पत्रिकेत छापतो, १२ वाजून २१.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी मापं ऐसपैस ठेवली. मुहूर्त म्हणजे मुळात क्षण नव्हेच, दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटांचा चांगला लांबरुंद तुकडा. घटका चोवीस मिनिटांची. तिची साठ पळं, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचं. तुमचं मिनिट या हिशेबात अडीच पळांचं. आपल्याकडे त्याला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. ‘घटकाभर टेका’ म्हणणारी आपली भाषा, तिला ‘मिनिट’ इंग्रजांच्या घड्याळाबरोबर मिळालं. घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र सोडायचं, भोकातून पाणी आत येत येत ते बुडालं की घटका भरली. पात्र बुडताना आधी कलतं, मग काठावरून पाणी आत घेतं, मग जातं. यातलं ‘बुडालं’ नेमकं कधी म्हणायचं, यावर दोन गुरुजी भांडू शकतील. आणि गोरज मुहूर्त! गाईंच्या खुरांची धूळ उडते ती वेळ. गाई ६ वाजून ४२ मिनिटांनी घरी येतात असं कुठल्याही गवळ्यानं ऐकलेलं नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर दिवसाच्या मध्यावरचा अभिजित मुहूर्त शुभ मानतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. डिसेंबरच्या सुरुवातीला इंदूरला सूर्य डोक्यावर येतो तो साधारण सव्वाबारा-बारा वीसला. दिवस लहान असतात, तरी माध्यान्हाच्या पुढे-मागे वीसेक मिनिटं अभिजिताची धरतात. १२.३२ त्यात बसतं. लग्नशुद्धी वेगळी, नवमांश वेगळा, असं गुरुजी म्हणतील. म्हणोत, त्यांचं ते काम आहे. मला एवढंच दाखवायचं होतं की शास्त्र मानायचं तर तेही तुमच्याइतकं कठोर नाही.

शिवाय ते १२.३२ तुम्ही पाहिलंत कुठे? कार्यालयाच्या भिंतीवर. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, मुद्दाम, आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत असल्यामुळे त्याचा काडीचाही उपयोग नाही. कार्यालयवाल्यांचं घड्याळ कुणी कधी लावलं असेल ते देव जाणे. साठ सेकंदांचं मिनिट हेसुद्धा पक्कं नाही हो. १ जानेवारी २०१७ ला पहाटे आपल्याकडे ५.२९ चं मिनिट एकसष्ट सेकंदांचं होतं; पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळांच्या मागे पडतं, म्हणून जगभर एक सेकंद वाढवला. १९७२ पासून असं सत्तावीस वेळा केलंय. त्या पहाटे आमचा दूधवाला नेहमीच्याच वेळी आला होता.

आता ती समासातली ओळ.

‘यांचं घड्याळ बंद पडलं होतं, त्याला चावी दिली.’ पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की तुमच्या लग्नात तुमच्या वडिलांनी जावयाला चावीचं एचएमटी दिलं, ते आता देवघरात यांच्या फोटोजवळ असतं आणि रोज सकाळी पूजा झाली की तुम्ही त्याला चावी देता. चार वर्षांत खंड पडला तो एकदाच. हळद, देवक, सीमांतपूजन या गडबडीत दोन दिवस राहून गेलं. चावीचं घड्याळ एकदा पूर्ण भरलं की दीडेक दिवस चालतं. म्हणजे नेमकं लग्नाच्या सकाळी ते थांबलं. निघताना देवाला नमस्कार करायला वाकलात तेव्हा तुम्हाला टिकटिक ऐकू आली नाही. गाडीत बसेपर्यंत ते डोक्यात राहिलं आणि मग तुम्ही उतरलात.

माझ्या वडिलांचंही असंच घड्याळ होतं, म्हणून सांगते. बोटांच्या चिमटीत ती बारीक दातऱ्यांची चावी धरून पंचवीस-तीस वेळा पुढे-मागे करायची, अडल्यासारखी लागली की थांबायचं. याला अर्धं मिनिट लागतं. सावकाश केलं तर पाऊण.

उरलेली सव्वादहा मिनिटं?

तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मी विचारणार नाही. पण चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंय, जाता जाता, तक्रार न करता, की पुण्याहवाचनाला दीर-जाऊ बसले. देवकही त्यांनीच बसवलं. सुनेच्या हातात साडी ठेवायला जाऊबाईच पुढे झाल्या. ‘रीतच आहे’ असंही लिहिलंय. असेल रीत. (मला ती रीत पटत नाही, कधीच पटली नाही, पण तो वेगळा लेख होईल.) तीन दिवस स्वतःच्या मुलाच्या लग्नात तुम्ही किल्ल्या सांभाळणारी बाई होतात. मंडळींनी तुमचं ‘किल्ल्या सापडत नव्हत्या’ लगेच मानलं, ते उगाच नाही.

तेव्हा त्या सकाळी देवघरात जे घडलं त्याला तुम्ही ‘उशीर’ म्हणता. मला ते तसं दिसत नाही. ते दोघं आईवडील मुलाच्या लग्नाला निघण्यापूर्वी एकमेकांपाशी थांबले, असं मला दिसतं. त्या अख्ख्या लग्नात तुम्हा दोघांच्या वाट्याला तेवढीच अकरा मिनिटं आली.

किती काय होतं हो एका मिनिटात! असं चावीचं घड्याळ सेकंदाला पाच ठोके टाकतं, मिनिटाला तीनशे. काळीज सत्तरेक वेळा ठोकतं आणि तेवढ्यात जवळजवळ पाच लिटर रक्त फिरवून आणतं, म्हणजे अंगातलं होतं-नव्हतं सगळं. पृथ्वी सूर्याभोवती १८०० किलोमीटर पुढे जाते. आणि मिनिट हे घड्याळ सांगतं तेवढंच लांब असतं हे तर इंदूरच्या माणसाला कुणी शिकवू नये. आमच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्यातला झूमरा ताल आठवा. चौदा मात्रा, आणि एकेक मात्रा चार-चार सेकंदांची लागली तर एका आवर्तनाला छप्पन्न सेकंद झाले. ऐकणारा समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत बसतो आणि मध्ये कुठेतरी वाट बघणं सुटून जातं. मग सम येते. उशिरा आली असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या मुलाच्या लग्नात शेवटी गुरुजींनी जे म्हटलं ते आठवतंय? प्रत्येक लग्नात म्हणतात, आपण हातातल्या अक्षता चिमटीत सरसावत असतो म्हणून कान देत नाही. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव…’ तेच लग्न, तोच चांगला दिवस, तेच ताऱ्यांचं आणि चंद्राचं बळ, कोणतं? तर ज्या वेळी लक्ष्मीपतीच्या चरणांचं स्मरण होतं ते. ज्यांनी हे मुहूर्ताचं सगळं शास्त्र उभं केलं त्यांनीच ऐन मुहूर्ताच्या तोंडावर हा श्लोक ठेवला. तुम्ही देवघरात होता, ताई. सिनेमा बघत नव्हता.

आणखी एक, जरा कडू वाटलं तर माफ करा. तुम्हीच अभिमानानं लिहिलंय की तुमचं लग्न अगदी पळावर लागलं होतं, गुरुजींनी हात वर केला आणि अक्षता पडल्या. तरी यजमान सत्तरीही न बघता गेले. त्याचा दोष तुम्ही त्या पळाला कधी दिला नाहीत. मग मुलाच्या खटक्यांचं श्रेय या अकरा मिनिटांना का?

आता तुमच्या प्रश्नांकडे.

शांत करावी का? तुमच्या मनासाठी करावीशी वाटली तर करा. सत्यनारायण करा, उदकशांत करा, ब्राह्मण-सवाष्ण जेवायला घाला. पण अटी दोन. एक, मुलासुनेला ‘तुमच्यातला दोष घालवायला’ म्हणून पाटावर बसवू नका. सूनबाई आधीच माहेरहून परत आलेली आहे. तिच्या कपाळी मुहूर्ताचा डाग लावला तर तो कुठल्याच पूजेनं निघणार नाही. दुसरी, पूजा सांगणाऱ्यानं भीती घालून आकडा वाढवायला सुरुवात केली, आधी शांत, मग जप, मग नवग्रह, तर नमस्कार करून उठा.

मुलाला सांगावं का? सांगावं. पण जे तुम्ही सांगू म्हणताय ते नव्हे. ‘माझ्यामुळे तुझा मुहूर्त टळला’ हे सांगाल तर तुम्ही तुमचं ओझं त्याच्या खांद्यावर ठेवाल आणि पुढच्या भांडणात ते वाक्य घरात तिसरं माणूस होऊन बसेल. त्याला घड्याळाची गोष्ट सांगा. फोनवर नको. त्याला एखाद्या रविवारी सकाळी एकट्याला बोलवा, पोहे करा, जिलबी तो येताना आणेलच, आणि देवघरासमोर बसून सांगा की किल्ल्या सापडत होत्या, मी बाबांपाशी थांबले होते. मुहूर्ताचा ‘मु’ काढू नका. त्यालाही त्या दिवशी वडील आठवले असतील आणि त्यानंही कुणाला काहीतरी किल्ल्यांचंच सांगितलं असेल. सूनबाईला सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा.

त्यांच्या खटक्यांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही. तुम्ही दिलेल्या वेळा मात्र मी कागदावर मांडल्या. ती रात्री दोनला काम संपवते, म्हणजे अडीच-तीनला झोपत असेल. तो साडेआठला बाहेर पडतो. संध्याकाळी तो येतो तेव्हा ती कामाला बसलेली. आठवड्यातले पाच दिवस ही दोघं एकत्र जेवत नाहीत, जागी असताना एका खोलीत तासभरही नसतात. अशा घरात भांडी वाजणार नाहीत तर काय होईल? यातलं तुम्ही काही दुरुस्त करू शकत नाही. मध्यस्थी करू नका, डबे पाठवायचे असतील तर पाठवा. भांडणात मारहाण, धाक, पैशांची अडवणूक असं काही दिसलं तर मात्र ‘त्यांचं ते बघतील’ म्हणू नका. तेव्हा समुपदेशक, वकील, जे लागेल ते. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

आणि तुमची तीनची जाग. ती मला मुहूर्तापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. दीड वर्ष झोप तुटणं हा नुसता विचारांचा खेळ नसतो, बी.पी., थायरॉइड, शुगर, आणि चार वर्षांपूर्वीचं राहून गेलेलं रडणं, यातलं काहीही असू शकतं. फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘झोप येत नाही’ एवढंच नको, ‘तीनला उठते आणि एकच गोष्ट आठवते’ असं सांगा. घराबाहेरच्या कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, फुकट. तोवर जाग आली की भिंतीवरचं घड्याळ बघू नका. ते पाठमोरं करून ठेवा, खरंच.

अशी पत्रं मला बरीच येतात. कुणी हॉस्पिटलमधून चहा प्यायला मिनिटभर खाली उतरलं आणि वर आईनं प्राण सोडला. कुणाची पाच मिनिटांनी गाडी चुकली आणि नोकरी गेली. त्यांच्यासाठी म्हणून लिहिते, तुम्हालाही चालेल. एक कागद घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या वेळातलं तुमच्या हातात होतं ते लिहा, उजवीकडे नव्हतं ते: जाम, ढोलवाला, आत्याबाई, डॉक्टरांची फेरी, लिफ्ट. उजवी बाजू भरत जाते आणि डावीकडे एक-दोन ओळी उरतात. मग त्या उरलेल्या ओळीपुढे एवढंच लिहा की त्या मिनिटात मी काय करत होते. चहा पीत होते, कारण रात्रभर जागी होते. हे वाचून अपराध जात नाही एकदम. पण ‘उशीर केला’ हे एकच क्रियापद होतं, तिथे दुसरी क्रियापदं येतात.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी गुरुजींना आधीच विचारून ठेवावं की मुहूर्त किती मिनिटं ‘चालतो’ आणि तो कुठल्या गावाचा धरलाय. कार्यालयात निघायची वेळ छापील वेळेच्या पाऊण तास आधीची ठरवावी. घरच्या मंगलाष्टकांची संख्या मुहूर्ताइतक्याच गांभीर्यानं आधी ठरवावी. आणि वरमाय, वधूमाय, ज्या कुणी एकट्या असतील, त्यांना निघण्याआधी देवघरात दहा मिनिटं मिळतील असं कुणीतरी बघावं. बाहेरून दार लोटून घ्यावं.

एचएमटी एकदा सर्व्हिसिंगला द्या, ताई. जुनं आहे, तेल सुकलं असेल. दिवसाला मिनिट-दोन मिनिटं मागे पडत असेल तर तेवढं त्याला माफ. आणि पुण्याच्या गुरुजींशी कधी बोलणं झालंच, तर ती आठ मिनिटं धरली होती की नाही तेवढं मला कळवा. तुमच्यासाठी नव्हे, माझी आपली उगाच उत्सुकता.